गोळी चुकते तेव्हा विषाणू काय करतो

एचआयव्हीची औषधं सुरू होऊन काही महिने झाले की वजन भरतं, अंगात बळ येतं, व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याच्या, तपासणीत विषाणू सापडतही नाही. मग मनात येतंच, आता चार दिवस गोळी नाही घेतली तर काय बिघडलं? प्रश्न रास्त आहे. ‘डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून’ एवढं उत्तर त्याला पुरत नाही.

तपासणीत मोजला जातो तो रक्तातला विषाणू. शरीराचं रोगांपासून रक्षण करणाऱ्या काही सीडीफोर पेशींच्या डीएनएमध्ये मात्र तो गप्प दडून असतो. औषधं त्याला नवी पिल्लावळ काढू देत नाहीत, पण दडलेल्याला हुसकावू शकत नाहीत. गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांतच परततो.

घेतली-न घेतली असं चाललं तर धोका आणखी वेगळा. एचआयव्ही स्वतःच्या प्रती काढताना खूप चुका करतो. औषध पुरेसं असेल तर प्रतीच निघत नाहीत. ते अर्धवट असेल तर चुकीतून बदललेला एखादा विषाणू तग धरतो, वाढतो आणि मग तेच औषध त्याच्यावर चालेनासं होतं.

भारतात २००४ पासून सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रांत ही औषधं मोफत मिळतात. आता बहुतेकांना टीएलडी ही तीन औषधं एकत्र असलेली दिवसाला एकच गोळी असते. तिच्यातलं डोल्युटेग्राविर हे औषध बदलत्या विषाणूपुढे सहजी हार मानत नाही, पण आम्लपित्ताच्या काही औषधांसोबत घेतलं तर ते शरीरात नीट शोषलं जात नाही. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविरची मात्रा दिवसातून दोनदा लागते. त्यामुळे इतर कुठलीही गोळी चालू असली तर केंद्रात सांगायलाच हवं.

माझ्या मते समुपदेशनात ‘गोळी चुकवू नका’ याआधी ‘कशामुळे चुकते?’ हे विचारायला हवं. घरात सासूला कळेल म्हणून डबी लपवणाऱ्या बाईला धाक काय कामाचा? तिला डबी ठेवायला जागा आणि वेळ शोधून द्यायला हवी. व्हायरल लोड सतत न सापडण्याइतका कमी राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही तिला ठासून सांगावं. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी केंद्रात कळवलं, तर जास्त महिन्यांच्या गोळ्यांची किंवा तिकडच्या केंद्रातून औषध मिळण्याची सोय करता येते. एखादी गोळी राहिलीच तर आठवताच घ्यावी, मात्र दोन एकदम घेऊ नयेत. शंका असेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं.