वेळेचे नियोजन (गोव्यातील नोकरी आणि घर)

हातात कोणती कामे आहेत, त्यांना किती वेळ लागेल आणि ती केव्हा करायची, याचा आधीच मेळ घालून दिवस, आठवडा किंवा वर्ष आखण्याची रीत म्हणजे वेळेचे नियोजन. दिवसाचे तास सर्वांना सारखे मिळतात. त्यातले आपल्या ताब्यात किती राहतात, हे मात्र राहते गाव, नोकरी आणि घरकामाची वाटणी यांवर ठरते. म्हणून नियोजनाची सुरुवात कामांच्या यादीने न करता, जे तास दुसऱ्याच्या वेळेला बांधलेले आहेत ते आधी बाजूला काढून करावी.

गोव्यात असा बांधलेला पहिला वेळ म्हणजे दुपार. म्हापसा, मडगाव, डिचोली इथली बरीच दुकाने एकच्या सुमारास बंद होतात ती साडेतीन-चारला उघडतात. बाहेरचे लोक याला सुशेगादपणा, म्हणजे आरामात राहण्याची वृत्ती, म्हणून नावे ठेवतात, ते अन्यायाचे आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरते आणि पणजी सुमारे ७३.८ अंशांवर आहे. एका अंशाला ४ मिनिटे धरली तर सुमारे ३५ मिनिटांचा फरक पडतो. म्हणजे इथे सूर्य डोक्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास, आणि उन्हाचा कडाका त्यानंतरचा. त्या वेळात शटर ओढून जेवण आणि वामकुक्षी उरकणारा दुकानदार रात्री पुन्हा उशिरापर्यंत गल्ल्यावर असतोच.

नोकरदाराची अडचण वेगळी आहे. कचेरीत जेवणाची सुट्टी होते नेमकी तेव्हाच बाजार मिटलेला असतो. औषधे, वह्या, शिंप्याकडचे कपडे असली कामे 'दुपारी सुट्टीत करू' म्हणून ठेवली की दिवसेंदिवस तशीच राहतात. ती संध्याकाळी परतीच्या वाटेवर घालावीत, आणि दुपारच्या सुट्टीत फोन, बिले, अर्ज ही बसून होणारी कामे उरकावीत. सकाळचे वेळापत्रक नुस्त्याचा (मासळीचा) बाजार ठरवतो, कारण ताजे नुस्ते दुपारपर्यंत थांबत नाही. पोदेर (पाववाला) सकाळ-संध्याकाळ दारावर येतो. म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारी, डिचोलीचा बुधवारी. आठवडा आखताना हे वार आधी मांडले तर पुष्कळ हेलपाटे वाचतात.

प्रवासाचा वेळ धरताना किलोमीटर मोजून चालत नाही. दिवाडी बेटावर राहून पणजीत नोकरी करणाऱ्याला मांडवी फेरीबोटीने ओलांडावी लागते, कारण बेटावर पूल नाही. फेरीबोट डोळ्यांदेखत सुटली तर ती पलीकडे जाऊन परत येईपर्यंत धक्क्यावर थांबण्यावाचून गत्यंतर नसते. घरातून निघायला झालेला दोन मिनिटांचा उशीर कचेरीत पोचेपर्यंत कितीतरी मोठा होतो. पणजी-मडगाव शटल बस वाटेत थांबत नाही, पण गर्दीच्या वेळी तिकिटाच्या रांगेतला वेळही प्रवासातच धरावा लागतो.

घरचे काम हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात बिनमोलाचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे. हा फरक तसाच ठेवून स्त्रीला 'वेळेचे नियोजन कर' असे सांगण्यात काही अर्थ नाही. वाटणी करताना कामे पूर्ण सोपवावीत. 'बांगडे आणून दे' एवढे सांगितले की ते साफ करणे, मीठ-हळद लावणे, ओट्याचा वास घालवणे आणि खवले-आतडी बाहेर नेऊन टाकणे हे सगळे पुन्हा तिच्याच वाट्याला येते. नुस्ते ज्याच्याकडे, त्याच्याकडे ते फोडणीला जाईपर्यंतची सगळी कामे असली पाहिजेत. 'आज काय करायचे' हे ठरवणेही कामच आहे आणि त्यालाही वेळ लागतो.

वर्षाचे नियोजन गोव्याच्या घरांना नवे नाही. पावसाळ्यापूर्वीचे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, हा त्याचा उत्तम नमुना. एप्रिल-मे महिन्यांत सुके बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), मिरच्या, सोले (आमसुले), चिंच, खडे मीठ यांची बेगमी होते. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते, पावसात काही वाळत नाही, आणि पूर्वी तर वाटाही बंद पडत. मे महिन्यात केलेली ही मेहनत पावसाळ्यातल्या रोजच्या सकाळी हलक्या करते. आज फ्रीज आणि दुकाने आल्यामुळे त्याची गरज कमी झाली असली, तरी दोघेही नोकरीला असलेल्या घराला ही रीत अजून उपयोगी आहे.

आधुनिक अभ्यासकांच्या कल्पनांपैकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेली कल्पना घरोघरी पटण्यासारखी आहे. पूर्वीचा अनुभव असूनही माणूस कामाला लागणारा वेळ कमीच धरतो. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्या, म्हणजे करंज्या, दरवर्षी 'दोन तासांत होतील' म्हणून घेतल्या जातात आणि मध्यरात्र उलटते. माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवीचे) सामान, रंगकाम, साफसफाई यांचेही तेच. यावर उपाय साधा आहे. गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती वेळ लागला ते लिहून ठेवावे आणि यंदा तोच आकडा धरावा. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये मांडलेला नियम, मिळेल तेवढा वेळ काम खाऊन टाकते हा, कचेरीतल्या बैठकांना लागू पडतो. बैठक कधी संपणार ते तिच्या निमंत्रणातच लिहावे. फ्रान्चेस्को चिरिलो यांची २५ मिनिटे काम आणि मग थोडी विश्रांती ही पद्धत टेबलावरच्या एकाग्र कामाला चांगली. हॉटेलच्या स्वागतकक्षात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर ती चालत नाही, कारण तिथे पुढची २५ मिनिटे गिऱ्हाइकाची असतात.

वेर्णे, कुंडई इथल्या कारखान्यांत पाळ्या बदलतात. पर्यटन हंगामात, साधारण ऑक्टोबर ते मार्च, हॉटेलांतल्या कामगारांना रविवारची सुट्टी मिळेलच असे नसते. अशा घरात रोजचे ठरीव वेळापत्रक टिकत नाही. पाळीचा तक्ता हाती आला की त्याच दिवशी घरातल्या कॅलेंडरवर उतरवावा, रात्रपाळीनंतरची झोप हे त्यात पहिले काम म्हणून लिहावे, आणि मुलांना शाळेतून कोण आणणार हे त्या खाली.