पॉलिकार्पा ऑराटा

पश्चिम प्रशांत महासागरातील प्रवाळ खडकांवर एकेकटा वाढणारा, पिशवीच्या आकाराचा कंचुकी प्राणी, म्हणजे अंगाभोवती चिवट आवरण (कंचुक) असलेला समुद्री जीव. कुल स्टायलिडी. इंडोनेशिया, फिलिपाईन्स आणि उत्तर ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात साधारण ५ ते ५० मीटर खोलीवर तो आढळतो. उंची ५ ते १५ सेंमी. पांढरट अंगावर जांभळ्या रेघा, पिवळ्या-केशरी छटा आणि पाणी आत-बाहेर करणाऱ्या दोन नळ्यांच्या आत झळाळता पिवळा रंग, अशी त्याची ओळख. रंगांचे प्रमाण मात्र प्राण्यागणिक बदलते. ‘ॲस्ट्रोलाब’ जहाजाच्या १८२६–२९ च्या सफरीतील फ्रेंच निसर्गतज्ज्ञ क्वा आणि गेमार यांनी १८३४ मध्ये त्याचे वर्णन केले.

नवखे पाणबुडे त्याला स्पंज समजतात. स्पंजाच्या अंगभर छिद्रे असतात. याला दोनच ठळक तोंडे, एक माथ्यावर आणि दुसरे बाजूला. जवळचे पाणी ढवळले की दोन्ही चटकन मिटतात. म्हणून छायाचित्र घ्यायचे तर पायांतल्या पोहण्याच्या पंखांचा (फिन) फटकारा न मारता सावकाश जवळ जावे.

माथ्यावरच्या नळीतून पाणी आत येते. घशाच्या भिंतीला असंख्य कल्लाविदरे (कल्ल्यांच्या फटी) असतात आणि त्यांवरील सूक्ष्म केसांच्या हालचालीने पाणी सतत खेचले जाते. घशातील एका खोबणीतून पाझरणाऱ्या चिकट द्रवाच्या जाळ्यात वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणारे वनस्पतींसारखे सूक्ष्मजीव) आणि जिवाणू अडकतात, ते जाळेच जठरात जाते आणि गाळलेले पाणी बाजूच्या नळीने बाहेर पडते. ही खोबण आयोडीन साठवते. आपल्या अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे ते पूर्वरूप मानले जाते. कंचुकी प्राण्यांचे हृदयही विलक्षण: काही काळ एका दिशेने रक्त ढकलते, क्षणभर थांबते आणि मग उलट दिशेने.

आपल्याशी असलेले खरे नाते अळीत दिसते. दहावीच्या विज्ञानात भेटणाऱ्या हर्डमानिया या कंचुकी प्राण्याप्रमाणेच याच्याही अळीच्या शेपटीत पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीला आधार देणारा लवचीक दांडा, असतो. प्राणी उभयलिंगी असून अंडी व शुक्राणू पाण्यात सोडतो. अळी काही खात नाही. थोडा काळ पोहून डोक्याकडच्या बाजूने खडकाला चिकटते. मग शेपटी, पृष्ठरज्जू आणि चेतातंत्राचा बराच भाग विरघळतो. बाहेरच्या चिवट कंचुकात सेल्युलोज असते. ते स्वतः तयार करणारा प्राण्यांतला हा एकमेव गट आहे.

याच्या शरीरातून गंधकयुक्त संयुगे वेगळी केली गेली आहेत; अशी संयुगे भक्षकांना दूर ठेवत असावीत. तरीही नेम्ब्रोथा प्रजातीच्या बिनशंखी समुद्री गोगलगायी कंचुकी प्राण्यांवरच जगतात.

रंगांच्या मोहाने तो घरच्या खाऱ्या मत्स्यटाकीत आणला जातो आणि बहुधा उपासमारीने मरतो. टाकीतील स्किमर (फेसासोबत मळ काढणारे यंत्र) व बारीक गाळण्या नेमके त्याचे अन्नच काढून टाकतात. माशांच्या खाद्याच्या गोळ्या त्याला निरुपयोगी; त्याला जिवंत वनस्पती-प्लवक दिवसातून अनेकदा थोडेथोडे लागते, आणि तेवढे ओतले की पाणी बिघडते. हलवताना त्याला पाण्याबाहेर काढू नये, कारण आत शिरलेली हवा अडकून राहते. प्लास्टिकची पिशवी पाण्यातच बुडवून तिच्यात त्याला घ्यावे. चिवट कंचुकामुळे मेल्यावरही आकार टिकतो, त्यामुळे मृत्यू उशिरा लक्षात येतो. हलका स्पर्श करूनही नळ्या मिटल्या नाहीत आणि रंग मळकट झाला असेल, तर त्याला लगेच काढावे, नाहीतर कुजताना सुटणारा अमोनिया टाकीतील इतर जीवांनाही मारतो.