शेजारच्या पायालगत खणताना: इंग्लंडमधील पार्टी वॉल नोटीस नेमकी कुठे अडते

लंडनमधल्या ओळीतल्या घरामागे खोली वाढवताना आपल्या अनेक मंडळींची समजूत असते की कौन्सिलची परवानगी हातात आली म्हणजे खणायला हरकत नाही. पार्टी वॉल म्हणजे दोन घरांमधली सामाईक भिंत; तिच्यासाठीचा आणि शेजारच्या पायालगतच्या खोदकामासाठीचा पार्टी वॉल कायदा (१९९६) मात्र वेगळाच आहे. त्याची नोटीस शेजाऱ्याला द्यायची असते आणि कौन्सिलमध्ये विचारले तर 'हे आमच्याकडे येत नाही' एवढेच उत्तर मिळते. शेजारच्या इमारतीपासून ३ मीटरच्या आत, तिच्या पायाच्या तळापेक्षा खोल खणायचे असेल, तर ही नोटीस बंधनकारक आहे. तळघर किंवा पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) यांसारखे खोल काम शेजारच्या पायाच्या तळातून ४५ अंशांत खाली उतरणाऱ्या रेषेला छेदत असेल, तर ही मर्यादा ६ मीटरपर्यंत जाते.

नोटिशीला शुल्क नाही. अडते ते नकाशावर. खोदकामाची जागा आणि खोली दाखवणारा नकाशा व छेद (जमीन उभी कापल्यासारखे दाखवणारे चित्र) सोबत जोडावाच लागतो आणि परवानगीसाठी काढलेल्या नकाशांत पायाची खोली सहसा नसतेच. 'ते जागेवर ठरेल,' असे आर्किटेक्टने सांगितले तरी खोलीविना दिलेली नोटीस टिकत नाही. त्यामुळे आधी आपल्याच आवारात लहानसा खड्डा घेऊन जुना पाया किती खाली आहे ते पाहावे (व्हिक्टोरियन घरांत विटांचे चार थर संपले की कित्येकदा थेट चिकणमातीच लागते) आणि मग इंजिनिअरकडून छेद काढून घ्यावा.

शेजारी राहणाऱ्या भाडेकरूची सही पुरत नाही. मूळ मालक आणि दीर्घ भाडेपट्ट्याने फ्लॅट घेतलेला प्रत्येक जण कायद्याने वेगळा मालक ठरतो. म्हणून लँड रजिस्ट्रीचा उतारा काढूनच नावे लिहावीत.

खोदकामाच्या किमान एक महिना आधी नोटीस पोहोचली पाहिजे. सर्वाधिक गैरसमज १४ दिवसांच्या मुदतीबाबत होतो: तेवढ्यात लेखी संमती आली नाही, तर शेजाऱ्याचा होकार नव्हे, तर वाद आहे असे कायदा धरतो आणि तो मिटवण्यासाठी सर्व्हेअर (तज्ज्ञ) नेमणे भाग पडते. शेजारी नेमत नसेल, तर लेखी विनंतीनंतर १० दिवस थांबून त्याच्या वतीने तुम्ही नेमू शकता. स्वतः मात्र सर्व्हेअर होऊ शकत नाही. नोटीस दिल्यापासून १२ महिन्यांत काम सुरू झाले नाही, तर नोटीस रद्द होते.

संमती मिळाली तरी शेजारच्या भिंतींवरच्या जुन्या भेगांचे, शेजारी मोजपट्टी धरून, तारखेसह फोटो दोघांनी मिळून आधीच काढून ठेवावेत.