प्रश्न, ठराव आणि मागण्या: महाराष्ट्राच्या विधिमंडळाला अधिकार कसे मिळत गेले

विधानसभेच्या कामकाजपत्रिकेवर बाबी ठरावीक क्रमाने येतात. आधी प्रश्नोत्तरे, मग पटलावर ठेवायची कागदपत्रे, लक्षवेधी सूचना, शासकीय विधेयके, अधिवेशनानुसार अनुदानाच्या मागण्या. राज्यघटनेने हे सारे एकदमच दिले असावे असा समज होतो. प्रत्यक्षात यातला एकेक अधिकार वेगळ्या काळात मिळाला. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाला फक्त कायद्यावर बोलता येई. प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या कायद्याने आली, सर्वसाधारण विषयांवर ठराव मांडण्याची १९०९ च्या, खर्चाच्या मागणीवर मत देण्याची १९२१ पासून. संपूर्ण मंत्रिमंडळ सभागृहाला जबाबदार झाले ते १९३७ मध्ये. ज्याला आज ‘संसदीय आयुधे’ म्हणतात, त्यांतले प्रत्येक आयुध कुणीतरी भांडून मिळवलेले आहे.

१८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने मुंबईच्या गव्हर्नरला आपल्या कार्यकारी मंडळात ४ ते ८ जादा सदस्य नेमण्याचा अधिकार दिला. त्यांपैकी निदान निम्मे बिनसरकारी असावेत, एवढी अट होती. त्यांची मुदत दोन वर्षांची. या मंडळाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये झाली. नेमलेल्या सदस्यांत जगन्नाथ शंकरशेट होते. समोर असलेल्या विधेयकाखेरीज दुसरा विषय काढायचा नाही, असा नियम होता. जमाखर्च सभागृहापुढे येत नसे, प्रश्न विचारता येत नसे. मंजूर झालेल्या कायद्याला आधी गव्हर्नरची आणि मग गव्हर्नर जनरलची संमती लागे. एका अर्थाने ही कायदा लिहिणारी समितीच होती. तिला विधिमंडळ म्हणायचे ते पुढे त्यातून जे वाढले त्यासाठी.

१८९२ च्या कायद्याने जादा सदस्यांची मर्यादा २० वर गेली. निवडणूक हा शब्द कायद्यात घातला नव्हता. मुंबई महापालिका, विद्यापीठ, नगरपालिका, लोकल बोर्डे, दख्खनचे सरदार यांनी नावे सुचवायची आणि गव्हर्नरने नेमणूक करायची, अशी सोय होती. पण सुचवलेले नाव घेतले जाई, त्यामुळे व्यवहारात ती निवडणूकच झाली. याच वाटेने फिरोजशहा मेहता, १८९५ मध्ये लोकमान्य टिळक आणि १८९९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले आत आले. अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागले, मात्र मत देता येत नव्हते. प्रश्न विचारता येऊ लागला, पण उपप्रश्नाला, म्हणजे उत्तरावर लगेच विचारायच्या पुढच्या प्रश्नाला, मनाई. मंत्र्याच्या लेखी उत्तरात काहीच नसते हे कुणालाही ठाऊक असते. त्याला कोंडीत पकडतो तो उपप्रश्न, आणि नेमका तोच नाकारला होता.

बोलता येते पण थांबवता येत नाही, याचा कडेलोट १९०१ मध्ये झाला. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आले होते. सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क शेतकऱ्याला न देता देता यावी, असा त्याचा आशय. दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या रयतेवर हा घाव होता. विधेयक लांबणीवर टाकण्याची मेहतांची सूचना सरकारी मतांच्या बळावर फेटाळली गेली. तेव्हा मेहता उठून बाहेर पडले. त्यांच्या पाठोपाठ गोखले आणि आणखी काही सदस्यही गेले. विधेयक मंजूर व्हायचे ते झालेच. पण ‘सभात्याग’ हे आज रोज वापरून गुळगुळीत झालेले शस्त्र इथे पहिल्या ओळीच्या नेत्यांनी वापरले, तेही हरणार हे ठाऊक असताना.

१९०९ च्या सुधारणांनी सदस्यसंख्येची मर्यादा ५० केली, ठराव मांडण्याची परवानगी दिली आणि मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्नाचीही मुभा मिळाली. त्याच सुधारणांनी मुस्लिमांसाठी स्वतंत्र मतदारसंघही आणले. या मंडळातली ठळक कामगिरी म्हणजे विठ्ठलभाई पटेल यांनी खासगी सदस्य म्हणून मांडलेला १९१८ चा प्राथमिक शिक्षण कायदा. नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार त्याने दिला.

खरा बदल १९१९ च्या कायद्याने झाला. १९२१ मध्ये भरलेल्या नव्या मंडळात ११४ सदस्य होते, त्यांपैकी ८६ निवडून आलेले. मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखीव होत्या. सर नारायण चंदावरकर पहिले अध्यक्ष. ते नेमलेले होते, पुढचे अध्यक्ष सभागृहाने निवडले. आता खर्चाच्या मागण्या मताला येऊ लागल्या. मात्र खाती दोन भागांत वाटली होती. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती मंत्र्यांकडे, तर पोलीस, महसूल, अर्थ ही राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. राखीव खात्याची मागणी सभागृहाने कापली, तरी गव्हर्नर ती रक्कम स्वतःच्या अधिकारात परत घालू शके. शाळा काढायची मंत्र्याने आणि पैसे द्यायचे राखीव अर्थखात्याने. या रचनेत मंत्री कायम रिकाम्या हाताने उभा राही.

या काळातली एक घटना विधिमंडळाच्या मर्यादेचा धडा म्हणून वाचावी अशी आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. सरकारने पुढे खात्यांना तसे कळवले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी तळ्यावर पाणी कुणी भरू देईना. ठराव म्हणजे सरकारला केलेली शिफारस. तो मोडणाऱ्याला दंड नाही, शिक्षा नाही, अंमलबजावणीची यंत्रणा नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला सत्याग्रह केला तो मंजूर ठराव अमलात आणण्यासाठीच. त्याच वर्षी ते स्वतः या मंडळाचे नियुक्त सदस्य होते. तळ्याचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ उजाडले, आणि सामाजिक निर्बंधांना शिक्षेची तरतूद जोडणारा मुंबई प्रांताचा कायदा १९४६ चा. आजही अशासकीय ठराव, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेला ठराव, एकमताने मंजूर झाला की बातमी होते. त्याचे पुढे काय झाले हे विचारताना महाड आठवावे.

१९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांतात दोन सभागृहे आली: १७५ जणांची विधानसभा आणि वरचे सभागृह म्हणून विधान परिषद. पहिली बैठक १९ जुलै १९३७ रोजी पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये झाली, कारण पावसाळ्यात प्रांताचे सरकार पुण्याला असे. गणेश वासुदेव मावळंकर अध्यक्ष झाले. हेच पुढे पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष. बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ नोव्हेंबर १९३९ पर्यंत टिकले. सप्टेंबर १९३७ मध्ये आंबेडकरांनी कोकणातील खोती, म्हणजे खोतांमार्फत गावाचा सारा वसूल करण्याची पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. विरोधी बाकावरचे विधेयक हरते आणि काही वर्षांनी सरकारच तो विषय उचलते, हा प्रकार इथून पुढे वारंवार दिसतो.

आजच्या विधिमंडळात तीन वेगवेगळ्या सभागृहांची परंपरा मिसळली आहे. मुंबईची वर सांगितली. नागपूरला मध्य प्रांताचे स्वतःचे विधिमंडळ होते, इमारतीसह. मराठवाड्याचे प्रतिनिधी हैदराबादच्या विधानसभेत बसत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे सारे, शिवाय सौराष्ट्र आणि कच्छ, मराठी-गुजराती अशा द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्याच्या विधानसभेत ३९६ जागा होत्या. १ मे १९६० रोजी १३२ गुजरातकडे गेल्या आणि २६४ महाराष्ट्राकडे राहिल्या. पुढे त्या २७० आणि १९७८ पासून २८८ झाल्या.

नागपूरने राजधानी सोडली ती एका लेखी अटीवर. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात सरकारने दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला यावे आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तिथे घ्यावे, असे कलम आहे. त्यानुसार १९६० च्या नोव्हेंबरात पहिले नागपूर अधिवेशन भरले. करारात हिवाळा लिहिलेला नाही, तो सोयीने ठरला. सोय मोडली की काय होते ते २०१८ मध्ये दिसले. त्या वर्षी पावसाळी अधिवेशन नागपूरला घेतले आणि ६ जुलैला मुसळधार पावसाचे पाणी विधानभवनाच्या वीज कक्षात शिरून वीज गेली, कामकाज तहकूब करावे लागले. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे हिवाळी अधिवेशन मुंबईतच झाले. विदर्भात याची बोच आजही आहे, आणि ती रास्त आहे.

विधान परिषदेत ७८ जागा आहेत: ३० विधानसभा सदस्यांनी निवडायच्या, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांनी, ७ पदवीधरांनी, ७ शिक्षकांनी आणि १२ राज्यपालांनी नेमायच्या. परिषद सामान्य विधेयक पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर आणखी एक महिना रोखू शकते. धन विधेयक, म्हणजे निव्वळ कर व खर्चाचे विधेयक, फक्त १४ दिवस. संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नाही. परिषदेचा अडथळा म्हणजे फार तर उशीर. जागा रिकाम्या राहण्याचा धोका मात्र मोठा. स्थानिक संस्थांच्या निवडणुका २०२२ पासून रखडल्या तेव्हा मतदारच नसल्याने त्या गटातल्या जागा भरता येईनात. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पाठवलेली १२ नावे राज्यपालांकडे निर्णयाविना पडून राहिली. त्या कोट्यातल्या सात जणांचा शपथविधी झाला तो १५ ऑक्टोबर २०२४ रोजी.

आता पैशाकडे. १९२१ मध्ये अर्धवट मिळालेला हा अधिकार आज पूर्ण आहे. खर्चाचे दोन भाग असतात, दत्तमत आणि भारित. कर्जावरचे व्याज, राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार हे भारित, त्यांवर मतदान नाही. बाकी प्रत्येक खात्याची मागणी विधानसभेत मताला येते. ती कमी करावी अशी कपात सूचना सदस्य देतो, बहुधा नाममात्र १०० रुपयांची. हेतू पैसे वाचवण्याचा नसतो, खात्याचे गाऱ्हाणे नोंदवण्याचा असतो. एकही कपात सूचना मंजूर झाली तर सरकारने विश्वास गमावला असे समजतात, म्हणून ती मंजूर होत नाही. मागण्या मंजूर झाल्या की विनियोजन विधेयक येते. त्याशिवाय तिजोरीतून रुपया निघत नाही. ३१ मार्चपर्यंत हे आटोपणार नसेल, तर काही महिन्यांच्या खर्चासाठी लेखानुदान, म्हणजे आगाऊ मंजुरी, घेतात.

बिघडते ते वेळेच्या हिशेबात. चर्चेचे दिवस संपले की शेवटच्या दिवशी उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मताला टाकतात. मग पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. त्यांची कारणे तीन: अंदाज मुळात कमी धरलेला, वर्षाच्या मधेच नवी योजना जाहीर केलेली, किंवा अचानक उद्भवलेल्या खर्चासाठीच्या आकस्मिकता निधीतून उचललेली रक्कम भरून द्यायची असलेली. एखाद्या मागणीतल्या बचतीतून नवी बाब सुरू करायची असेल, तर नाममात्र रकमेची लाक्षणिक मागणी आणावी लागते, कारण नव्या बाबीला सभागृहाची संमती हवीच. पुरवणी मागण्यांची रक्कम फुगली, की मार्चमध्ये मंजूर केलेले अंदाजपत्रक अंदाजपत्रक उरत नाही.

प्रश्नांच्या बाबतीत आयुधांची उतरंड अशी. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर आणि उपप्रश्न. अतारांकिताला फक्त लेखी. तातडीच्या बाबीला लक्षवेधी, विधानसभेत नियम १०५ खाली. मोठ्या विषयावर विधानसभेत नियम २९३ ची चर्चा, परिषदेत नियम २६० ची. छापील यादीतले जेमतेम काही तारांकित प्रश्न तासाभरात पुकारले जातात, उरलेल्यांची उत्तरे लेखी होऊन बसतात, आणि गोंधळात तास वाया गेला तर सगळ्यांचीच. म्हणजे उपप्रश्न जातो, १८९२ ची स्थिती परत येते. उपप्रश्न करणाऱ्याने मंत्र्याकडून तारीख वदवून घेतली तरच पुढे आश्वासन समितीला, म्हणजे मंत्र्यांची आश्वासने पाळली जातात का हे पाहणाऱ्या समितीला, धरायला काही उरते. ‘तपासून पाहू’ याची नोंद आश्वासन म्हणून होत नाही.

सभागृहाच्या शिस्तीचा वादही न्यायालयात गेला. ५ जुलै २०२१ रोजी विधानसभेने गैरवर्तनासाठी १२ सदस्यांना वर्षभरासाठी निलंबित केले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव रद्द केला. निलंबन चालू अधिवेशनापुरतेच असू शकते, असे न्यायालयाने म्हटले. कारणमीमांसा मतदारसंघाच्या बाजूने होती. परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागा रिक्त घोषित करता येते आणि रिक्त जागेवर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. वर्षभराच्या निलंबनात जागा रिक्तही होत नाही आणि मतदारांना प्रतिनिधीही उरत नाही. अपात्र ठरवण्यापेक्षा किंवा काढून टाकण्यापेक्षा ही शिक्षा जड ठरते, असे न्यायालयाने नोंदवले.