कमी खर्चात टेबलावरचं सैन्य : निवड, जोडणी, रंगकाम
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

टेबलावरच्या युद्धखेळांत, म्हणजे छोटे सैनिक मांडून नियमांनी लढायच्या लढायांत, पैसा वाया जातो तो बहुतेक वेळा खोक्यात पडून राहिलेल्या सैनिकांवर. उत्साहात तीन खोकी घेतली जातात, पहिल्यातले पाच सैनिक जोडून होतात आणि बाकीचे माळ्यावर जातात. म्हणून आमचा पहिला सल्ला हाच : एका महिन्यात जोडून, रंगवून होईल तेवढंच घ्या. रोज पाऊण तास बसता येत असेल, तर २८ मि.मी.चे दहा-बारा पायदळाचे सैनिक किंवा पाच-सहा घोडेस्वार. ते पूर्ण झाले की पुढचे.

आधी माप ठरवा

माप म्हणजे उभ्या सैनिकाची साधारण तळव्यापासून डोळ्यांपर्यंतची उंची. २८ मि.मी.मध्ये चेहरा, पागोट्याच्या घड्या, शेल्याची किनार सगळं रंगवता येतं. पण मोठ्या लढाईसाठी सहा फूट बाय चार फुटांचं टेबल लागतं, आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते रोज मांडून ठेवणं अवघड. १५ मि.मी.ला जेवणाचं टेबल पुरतं. प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांसाठी एका बाजूला फक्त १२ बेस (सैनिक चिकटवायच्या चकत्या किंवा पट्ट्या) लागणारे नियम बरीच वर्षं वापरात आहेत. त्यांत १५ मि.मी.चा प्रत्येक बेस ४० मि.मी. रुंद असतो, त्यावर प्रकाराप्रमाणे दोन ते चार सैनिक बसतात आणि मैदान ६० सें.मी. चौरस असतं. म्हणजे दोन्ही सैन्यं मिळून सत्तर-ऐंशी सैनिकांत खेळ उभा राहतो. ६ मि.मी. सगळ्यांत स्वस्त, मात्र तिथे एकेका सैनिकाऐवजी पलटणीचा एकत्रित रंगच दिसतो.

मराठी सैन्य करायचं असेल तर आणखी एक हिशेब लक्षात घ्या. घोडेस्वार पायदळाच्या सैनिकापेक्षा बराच महाग पडतो, आणि रंगवायलाही दुप्पट वेळ घेतो. ५ नोव्हेंबर १८१७ची खडकीची लढाई मांडायला घेतलीत, तर पेशव्यांच्या बाजूला घोडदळाचा मोठा भरणा लागेल आणि कंपनीच्या बाजूला मुख्यतः पायदळ. एकच माप, एकच लढाई, पण एका बाजूचा खर्च दुसरीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून घोडदळप्रधान सैन्यासाठी आम्ही १५ मि.मी. सुचवतो.

१/७२ मापाचे (खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या भागाएवढे) मऊ प्लॅस्टिकचे सैनिक दर नगाला खूप स्वस्त मिळतात. पायदळाच्या एका खोक्यात चाळीसच्या पुढे असतात. अडचण त्या प्लॅस्टिकचीच आहे. ते वाकतं, त्यामुळे भाल्यावरचा रंग तडकतो, आणि ते पॉलिथिलीन असल्यामुळे फेविक्विक त्यावर धरत नाही. असे सैनिक आधी साबणाने धुवा, वाळले की पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात द्या, मग रंगवा. स्वार घोड्यावर पिनेने बसवा.

परदेशी खोक्याची किंमत पाहताना शुल्क विसरू नका. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३मध्ये ७० टक्क्यांवर गेलं, वर जीएसटी वेगळा. वेबसाइटवरचा पौंडातला आकडा रुपयात बदलून स्वस्त वाटला, तरी हातात पडेपर्यंत तो तसा राहत नाही.

सुटं करणं आणि साफ करणं

सैनिकाचे सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात. त्या चौकटीतून ते हाताने पिळून तोडू नका. मनगट आणि बंदुकीची नळी तिथेच मोडते. तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळणारा छोटा साइड कटर या कामाला पुरतो. पहिला काप भागापासून दीड-दोन मि.मी. लांब घ्या, उरलेला ठोंब दुसऱ्या कापात काढा, शेवटचा कण कागद कापायच्या कटरच्या पात्याने. अगदी भागालगत एका झटक्यात कापलं, की प्लॅस्टिक पांढरं पडतं आणि खड्डा राहतो.

साच्याच्या दोन अर्धांची बारीक रेघ सैनिकाभोवती फिरते. ती पात्याच्या पाठीने, काटकोनात धरून, हलक्या हाताने खरवडा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. रंगाच्या वॉशनंतर (घड्यांत उतरवायचा पातळ रंग) ती रेघ गालावरच्या व्रणासारखी दिसते, आणि तेव्हा काढायची म्हणजे रंगही जातो. धातूचे जुने सैनिक घासताना मास्क घाला आणि नंतर हात धुवा. त्यात शिसं असू शकतं.

रेझिनचे (साच्यात ओतून घट्ट केलेल्या कृत्रिम राळेचे) भाग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून जुन्या टूथब्रशने धुवावेच लागतात. साच्याचं तेल राहिलं तर महिन्याभराने रंग सालीसारखा सुटतो.

कोणत्या पदार्थाला कोणता गोंद

कडक प्लॅस्टिकला प्लॅस्टिक सिमेंट. ते दोन्ही पृष्ठभाग वितळवून एकजीव करतं, म्हणून सांधा सगळ्यांत पक्का. धातू आणि रेझिनवर ते काहीच करत नाही, तिथे फेविक्विक. सिमेंट नसेल तर नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यातला अ‍ॅसिटोन प्लॅस्टिक नको तिथेही वितळवतो.

फेविक्विकची ट्यूब थेट सैनिकावर दाबली की गोंद वाहतो. एक थेंब प्लॅस्टिकच्या झाकणावर घ्या आणि उदबत्तीच्या काडीने लावा. थर जितका पातळ तितकी पकड घट्ट. जाड थर आतून ओलाच राहतो. हा गोंद हवेतल्या दमटपणाने धरतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात तो चटकन धरतो, पण सांध्याभोवती पांढुरकी भुकटी बसते. गोंद कमी घ्या आणि पंख्याखाली वाळवा. सांडलेला गोंद सुती कापडाने पुसू नका, कापूस आणि गोंद मिळून एकदम तापतात. फोडलेली छोटी ट्यूब टिकत नाही, म्हणून आठ-दहा सैनिकांचे सांधे आधी साफ करून ठेवा आणि एका बैठकीत चिकटवा.

धातूचा जड हात किंवा घोड्याचा पाय नुसत्या गोंदावर राहत नाही. पडला की सुटतो. तिथे पिन घाला. १ मि.मी.च्या हातड्रिलने दोन्ही बाजूंना तीन-चार मि.मी. खोल भोक पाडा, जेम क्लिपचा तुकडा घाला, मग चिकटवा. भोकं समोरासमोर येण्यासाठी एका बाजूला पिन बसवून तिच्या टोकाला थोडा रंग लावा आणि दुसरा भाग टेकवा. ठिपका उमटेल तिथे ड्रिल करा.

फटी बुजवायला एम-सील चालतं, पण त्याचा पोत भरड असतो. बेस आणि खोगिराखालची फट यासाठी ठीक, चेहऱ्यासाठी नाही. दोन्ही लगदे समान घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा. रेघा दिसत असतील तर तो भाग मऊच राहील. प्लॅस्टिकच्या सैनिकांसाठी फुकटचा उपाय म्हणजे चौकटीचे बारीक तुकडे थोड्या सिमेंटमध्ये रात्रभर ठेवणं. सकाळी जो घट्ट लगदा होतो, तो त्याच प्लॅस्टिकचा असल्यामुळे नंतर घासून एकसारखा होतो.

बेस : इथे पैसे वाचतात

२८ मि.मी.च्या सैनिकाला साधारण २५ मि.मी.चा गोल बेस लागतो. बोहरी आळीत एम-१२ मापाचे लोखंडी वॉशर मिळतात. त्यांचा बाहेरचा व्यास २४ मि.मी. असतो. वजनामुळे सैनिक लवंडत नाही, आणि लोखंड असल्यामुळे चुंबकाला धरतो. घेताना खिशात छोटं चुंबक ठेवा, कारण स्टेनलेसचे वॉशर बहुतेक वेळा चुंबकाला धरत नाहीत. मधलं भोक झाकायला जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची चकती चिकटवा. दोन रुपयांची नाणी मापाला बसतात हे खरं, पण चलनातली नाणी अशी अडकवून ठेवू नका. वॉशर त्याहून सोयीचा आहे.

वर पातळ फेविकॉल लावून चाळलेली, धुऊन वाळवलेली वाळू टाका. चहाचा चोथा वापरणारे बरेच आहेत. तो कडकडीत वाळलेला नसेल तर पावसाळ्यात बुरशी धरतो. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरतो तशी हिरवळ इथे करू नका. दख्खनचं माळरान वर्षातले आठ महिने पिवळट-तपकिरीच असतं, आणि तो रंग सैनिकाला जास्त उठाव देतो.

प्रायमर

प्रायमर म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर. वाहनांच्या टच-अपसाठी मिळणारा राखाडी स्प्रे प्रायमर चालतो, पण आधी चौकटीच्या तुकड्यावर मारून एक दिवस थांबा. प्लॅस्टिक चिकट झालं किंवा त्याचे बारकावे बुजले, तर तो डबा सैनिकांसाठी नाही. वीस-पंचवीस सें.मी. अंतरावरून, सैनिकाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबणारे छोटे फटकारे मारा. एप्रिल-मेच्या दुपारी लांबून मारलात तर थेंब हवेतच वाळतात आणि अंगावर वाळूसारखा खरखरीत थर बसतो. पावसाळ्यात दमटपणामुळे थर पांढरट पडतो. पुण्यात स्प्रेची उत्तम वेळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळी दव सुकल्यावर. बाकीच्या महिन्यांत पातळ केलेला जेसो (चित्रकारांचा ब्रशने लावायचा प्रायमर) लावा. वेळ लागतो, पण बिघडत नाही.

ब्रश आणि रंग

ब्रशवर हात आखडू नका. शून्य नंबरपेक्षा बारीक ब्रश लागतो हा गैरसमज आहे. अति बारीक ब्रशमधला रंग सैनिकापर्यंत पोचायच्या आत वाळतो. टोक नीट जुळणारे १ आणि २ नंबरचे दोन गोल ब्रश आणि ड्रायब्रशसाठी (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासण्यासाठी) एक जुना, एवढे पुरे. रंग धातूच्या पट्टीपर्यंत चढू दिला की टोक फाकतं.

रंगांत बचत करता येते. अप्पा बळवंत चौकात मिळणारे साधे अ‍ॅक्रिलिक रंग चालतात. काळा, पांढरा, लाल, निळा, पिवळा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि चंदेरी, या नऊ बाटल्यांत अख्खं सैन्य होतं. आपल्याकडच्या कातडीसाठी बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि किंचित पांढरा. या रंगांचे कण मिनिएचरच्या खास रंगांपेक्षा भरड असतात, म्हणून दुधाइतके पातळ करून दोन-तीन थर द्या. पोस्टर कलर घेऊ नका. तो वाळल्यावरही पाण्याने सुटतो.

उन्हाळ्यात रंग पॅलेटवर काही मिनिटांत वाळतो. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा पार्चमेंट कागद अंथरला, तर तोच रंग संध्याकाळपर्यंत ओला राहतो. मेण लावलेला बटर पेपर चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही.

घड्यांमधली सावली वॉशने येते. बर्न्ट अंबरमध्ये चिमूटभर काळा, समान भाग मीडियम (अ‍ॅक्रिलिक रंगात मिसळायचं बिनरंगी द्रव) आणि पाणी. नुसतं पाणी घातलं तर रंगाची बांधणी तुटते आणि कडेला चहाच्या कपासारखे गोल डाग राहतात.

हात बसेपर्यंत महागड्या सैनिकावर प्रयोग करू नका. दिवाळीच्या किल्ल्यावरचा रंग उडालेला मावळा घरात असतोच. त्याला प्रायमर मारा आणि त्याच्यावर शेला, पागोटं, दाढी करून पाहा.

जुने आणि छापलेले सैनिक

आधी कुणी रंगवलेले प्लॅस्टिक किंवा धातूचे सैनिक स्वस्तात मिळत असतील तर घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडा वेळ ठेवून टूथब्रशने घासलं की अ‍ॅक्रिलिक रंग निघतो. रेझिनचा सैनिक त्यात मऊ पडू शकतो, म्हणून तिथे आधी कोपऱ्यावर पाहा.

थ्रीडी प्रिंट करून घेताना थराची जाडी ०.०५ मि.मी. किंवा कमी मागा आणि सैनिक पूर्ण क्युअर केलेला (प्रकाशाखाली ठेवून पक्का केलेला) आहे ना ते बोटाने तपासा. चिकट लागला तर परत करा. त्यावर रंग टिकत नाही आणि काही महिन्यांनी तडे जातात. कच्चं रेझिन त्वचेला घातक आहे, घरी छापणाऱ्यांनी नायट्राइलचे हातमोजे घालावेत. फाइलच्या परवान्यात छापून विकायला बऱ्याचदा मनाई असते, तेही वाचा.

मैदान

टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलच्या टेकड्या उत्तम होतात, फक्त त्यावर थेट स्प्रे मारू नका. द्रावक त्याला खातो. आधी फेविकॉल आणि रंगाचा जाड थर द्या. तटाच्या भिंतींसाठी ५ मि.मी.चा सनबोर्ड (हलका फोमचा पत्रा) कापा, बोथट पेन्सिलीने चिऱ्यांच्या रेघा दाबा. आपला दगड काळा बेसाल्ट आहे, म्हणून काळ्यात थोडा तपकिरी, आणि कडांवर राखाडीचा ड्रायब्रश.

ठेवणं आणि नेणं

प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्याच्या तळाला चुंबकीय शीट चिकटवा. वॉशरचे बेस त्यावर उभे राहतात आणि दुचाकीवरून नेतानाही भाले मोडत नाहीत. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उन्हात ठेवा.