बँकॉकचा ग्रँड पॅलेस आणि वाट फ्रा केओ: निघण्यापूर्वी एवढे वाचा

सहलीतला हा अर्धा दिवस बहुतेक वेळा कपड्यांपायी बिघडतो. हाफ पँट, बिनबाह्यांचा टॉप, फाटकी जीन्स, घट्ट लेगिंग्ज यांतले काहीही दारावर चालत नाही. उघड्या खांद्यांवर ओढणी घेऊन भागेल, असे समजू नका. सैल सुती सलवार-कमीज किंवा पूर्ण पँट-शर्ट उत्तम.

दार सकाळी 8:30 ला उघडते, तिकीटविक्री दुपारी 3:30 ला थांबते. परदेशी पाहुण्यांना तिकीट 500 बाट. सनाम चाय मेट्रो स्थानकापासून चालत 15-20 मिनिटे. नदीतून बोटीने येणार असाल तर ता चांग धक्क्यावर उतरा. वाटेत कोणी "पॅलेस आज बंद आहे" म्हणून टुकटुकमध्ये बसवू लागला, तर बसू नका. ती स्वारी रत्नांच्या दुकानात जाते. राजघराण्याचे विधी असले की प्रवेश खरोखरच बंद राहू शकतो, पण ते आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर पाहा.

आत शिरताच सगळे वाट फ्रा केओ या आवारातल्या मंदिरातल्या बुद्धमूर्तीकडे, म्हणजे 'पाचूच्या बुद्धा'कडे धावतात. आम्ही सांगू, आधी ओवऱ्या पाहा. तिथे भिंतींवर रामकियन, म्हणजे थाई रामायण, 178 चित्रांत रंगवले आहे. उत्तरेच्या दारापासून सुरुवात करून प्रदक्षिणेच्या दिशेने चाला, म्हणजे कथा क्रमाने उलगडते. पांढरा वानर हनुमान. हिरवा राक्षस तोत्साकान, म्हणजे आपला दशकंठ रावण. दारावरच्या उंच यक्षांमध्येही तो उभा आहे. दमट हवेने रंग सुटतात, चित्रे पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागतात. हात लावू नका.

'पाचूचा बुद्ध' पाचूचा नाही, दुसऱ्याच एका हिरव्या दगडाचा आहे. उंची जेमतेम 66 सेंमी आणि आसन खूप उंच, त्यामुळे लहान दुर्बीण हवीच. मूर्तीचा सुवर्णपोशाख उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असा वर्षातून तीनदा बदलतो. चपला बाहेर काढा, आत फोटो काढू नका, पाय मागे दुमडून बसा. तळवे मूर्तीकडे करणे तिथे मोठा अवमान मानतात.

1782 साली राजा पहिला राम (Rama I) याने वसवलेल्या या राजवाड्यातली दालने मुख्यतः बाहेरूनच पाहायची. चक्री महाप्रासादाचे अंग युरोपीय, शिखरे थाई. फोटो इथे काढा. तिकीट जपून ठेवा, आवारातले वस्त्रसंग्रहालय त्यावरच पाहता येते.