मर्जर आर्बिट्राजमधून बाहेर पडणे

एक कंपनी दुसरीला विकत घेणार असे जाहीर झाले की विकल्या जाणाऱ्या कंपनीचा शेअर ऑफरच्या भावाकडे झेपावतो, पण सहसा त्याच्या थोडा खालीच थांबतो. सौदा पुरा व्हायला लागणारा वेळ आणि तो मोडण्याची भीती या फरकात सामावलेली असते. बाजारात त्याला स्प्रेड म्हणतात आणि तो कमावण्यासाठी शेअर घेऊन बसणे म्हणजे मर्जर आर्बिट्राज. यात घेण्यापेक्षा विकण्याचा निर्णय अवघड असतो. स्प्रेड आटत जातो तसा उरलेला नफा घटतो आणि सौदा फिसकटल्यास होणारा तोटा वाढतो, कारण शेअर वर चढलेला असतो आणि पडल्यावर तो जिथे जाईल ती जागा मात्र फारशी हललेली नसते.

हिशेब साधा आहे. आजच्या भावातून सौदा मोडल्यावरचा अंदाजे भाव वजा करायचा आणि आलेल्या आकड्याला, ऑफरचा भाव व तो मोडलेला भाव यांतील अंतराने भागायचे. उत्तर म्हणजे सौदा पुरा होण्याची किती शक्यता बाजाराने भावात धरली आहे ते. आपला स्वतःचा अंदाज त्याहून वर असेल तर थांबावे, खाली असेल तर निघावे.

मायक्रोसॉफ्टने १८ जानेवारी २०२२ रोजी अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी प्रतिशेअर ९५ डॉलर रोखीने घेण्याचे जाहीर केले. त्याआधी शेअर सुमारे ६५ डॉलरवर होता. मोडलेला भाव ७० धरू. २५ एप्रिल २०२३ रोजी शेअर ८७ च्या आसपास होता, म्हणजे मिळायचे ८ आणि जायचे १७. बाजार ६८ टक्के शक्यता धरून होता. दुसऱ्या दिवशी ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने सौदा अडवला आणि शेअर ७७ च्या जवळ आला. आता मिळायचे १८, जायचे ७ आणि धरलेली शक्यता अवघी २८ टक्के. त्या दिवशी घाबरून विकणाऱ्यांपैकी किती जणांनी हा दुसरा हिशेब मांडला असेल? वाईट बातमीने शक्यता घटते, पण भाव तिच्याहून जास्त घटला असेल तर ती वेळ निघण्याची नसते. ११ जुलैला अमेरिकी न्यायालयाने सौदा थांबवायला नकार दिला आणि शेअर ९१ पर्यंत गेला. तिथे ४ डॉलरसाठी २१ डॉलर पणाला लागत होते. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी सौदा ९५ डॉलरलाच पुरा झाला.

गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेकडे अ‍ॅक्टिव्हिजनचे सुमारे ९.५ टक्के शेअर आहेत आणि ते आर्बिट्राजसाठी घेतले आहेत, असे बफे यांनी ३० एप्रिल २०२२ च्या वार्षिक सभेत सांगितले होते. मार्च २०२३ अखेर त्यांच्याकडे सुमारे ४.९ कोटी शेअर होते, जूनअखेर १.५ कोटीच्या आत. शेवट गोड झाला म्हणून ही विक्री चूक ठरत नाही. ती त्या वेळच्या भावावर आणि शक्यतेवरच तोलली पाहिजे. आपण शेअर कितीला घेतला होता, याला तर या हिशेबात जागाच नाही. ७५ ला घेतलेला आणि ९० ला घेतलेला, दोघांसमोर आज एकच प्रश्न असतो.

वेळही मोजावी लागते. जुलै २०२३ मध्ये अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांवर ५ टक्क्यांहून जास्त व्याज मिळत होते. ९१ वर ४ डॉलर तीन महिन्यांत आले तर ते व्याजाच्या कितीतरी पुढे जातात, पण तेच यायला वर्ष लागले तर जोखमीचा मोबदला म्हणून काहीच उरत नाही.

भारतातला सर्वांत बोलका दाखला झी आणि सोनी यांचा. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने १० ऑगस्ट २०२३ रोजी दोघांच्या विलीनीकरणाच्या योजनेला मंजुरी दिली. बहुतेक परवानग्या हाती आल्या होत्या, तरी एकत्रित कंपनीचे नेतृत्व कोणी करायचे यावरून बोलणी अडली. २२ जानेवारी २०२४ रोजी सोनीने माघार घेतली. त्या सोमवारी अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेमुळे बाजार बंद होता. मंगळवारी झी एका दिवसात ३० टक्क्यांहून अधिक कोसळला. स्टॉप-लॉस, म्हणजे ठरावीक भावाखाली येताच आपोआप विकण्याची सूचना, लावलेल्यांनाही भाव मिळाला तो खूप खालचाच. स्टॉप-लॉस हळूहळू उतरणाऱ्या भावात उपयोगी पडतो. सौदे मात्र बऱ्याचदा बाजार बंद असताना मोडतात. म्हणून इथे बचाव एकच: सौद्याची मुदत जवळ आली असताना हातातले शेअर आधीच कमी करणे.

शेअरच्या बदल्यात शेअर असलेल्या सौद्यात दोन बाजू सोडवाव्या लागतात. एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन होताना तिच्या २५ शेअरमागे बँकेचे ४२ मिळणार होते, म्हणून आर्बिट्राज करणारा २५ घेऊन बँकेचे ४२ फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या करारांत, विकत असे. आधी निघायचे तर दोन्ही एकाच वेळी सोडवावे लागत, कारण एक बाजू उघडी राहिली की बँकेच्या भावावरचा सट्टाच उरतो. एचडीएफसीचा शेअर १२ जुलै २०२३ रोजी शेवटचा विकता आला. त्यानंतर नवे शेअर डीमॅट खात्यात येईपर्यंतचे दिवस हाती विकायला काही नसे, आणि फ्युचर्समधली विक्री मात्र उभीच असे.